तिच्या रक्तातला आकडा

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणी काही द्यायला हात पुढे केला की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खळीत जाते. शीर दिसते का, नसेल दिसत तर बोटाला लागेल का, मनात सुरू होतं. तेहतीस वर्षं जळगावात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी दुसरं केलं काय? पट्टा बांधला, सुई घातली, रक्त काढलं, मशीनला लावलं, आकडा लिहिला. माणसं रिपोर्ट हातात घ्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणायचो, "डॉक्टरांना दाखवा." आकड्याच्या पुढे बोलायची आम्हाला परवानगी नव्हती. घरी मात्र मला अडवणारं कोणी नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

दिवाळीनंतर पिंपळनेरला माझ्या बायकोची मोठी बहीण गेली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचो. सकाळी तिनं चहा टाकला, उतू जायच्या आत गॅस बंद केला, ओट्याला टेकून खाली बसली आणि गेली. सहासष्ट म्हणजे काही जायचं वय नव्हे. पण साखर होती, बीपी होतं, पोटाचा घेर होता, आणि गोळ्या आठवण झाली की घ्यायची. हृदयानं किती सोसायचं?

गंधमुक्तीला, म्हणजे दुखवटा उतरवायला, सगळे सोयरे जमले. मी पुरुषांच्या पंगतीत बसलो होतो, पानात बुंदी वाढलेली, आणि माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. दारात माझी बायको उभी होती. अगदी अक्का! तेच बारीक हातपाय, तेच पुढे आलेलं पोट, पदर खोचून चौकटीला टेकायची तीच तऱ्हा. पानातली बुंदी तशीच राहिली, शेजारचा म्हणाला, "भाऊ, जेवा ना." मी पाणी पिऊन उठलो.

निघताना बहिणीची आठवण म्हणून कोणी लुगडं नेलं, कोणी तांब्या. माझ्या बायकोनं फडताळातून एक छोटा पत्र्याचा डबा उचलला आणि पिशवीत टाकला. काय आहे त्यात, हे मी विचारलं नाही. माझं डोकं दुसरीकडेच होतं. परतीच्या एसटीत साक्री गेली, धुळं आलं, आणि मी एकच गोष्ट घोळवत होतो: हिचं रक्त शेवटचं कधी तपासलं? अडतीस वर्षांचा संसार, नवरा लॅबवाला, आणि बायकोच्या साखरेचा शेवटचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा. धुळ्याच्या स्टँडवर मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी काही खायचं नाही. चहासुद्धा नाही."

"उद्याच?" रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खिडकीजवळ खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला. हजारो दंडांना बांधला असेल, त्यात लहान पोरं होती, थरथरणारी म्हातारी होती, कोणाला दोनदा टोचल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी माझा हात कापत होता. शीर समोर दिसत असून पहिली सुई बाजूला गेली. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी नळ्या जेवणाच्या डब्यात ठेवल्या आणि स्कूटर काढून जुन्या सहकाऱ्याच्या लॅबवर पोचवल्या. दुपारपर्यंत तिथेच घिरट्या घालत होतो. शेवटी तो म्हणाला, "अरे बाबा, तू जा ना घरी, मशीनला धक्का मारून ते लवकर थोडीच चालणार आहे!"

रिपोर्ट आले. साखर जास्त, चरबी जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल कमी, बीपी मी घरीच मोजलं ते जास्त. कंबर शिंप्याच्या टेपनं मोजली. ती लाजून म्हणाली, "या वयात ब्लाउज शिवताय का माझा?" मला हसू आलं नाही. आमच्या डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या, शांत बाई आहेत. त्यांनी सगळं बघून सांगितलं, "काका, याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. साठीच्या पुढे घराघरात सापडतो. पण आटोक्यात येतो."

माझं बोट मात्र खालच्या ओळीवर होतं. सीआरपी, चार पूर्णांक आठ. हे रक्तातलं एक प्रथिन. अंगात कुठेही दाह असला, मग ती जखम असो, फोड असो, नाहीतर पोटावरच्या चरबीनं आतल्या आत लावलेली धग असो, यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. दाह कुठे आहे, हे ते सांगत नाही. धूर दिसतो, घर दिसत नाही. चार पूर्णांक आठ म्हणजे फार नाही, पण अक्काच्या जुन्या कागदांत मी असाच एक आकडा पाहिला होता आणि तिला म्हटलं होतं, "डॉक्टरांना दाखवा."

"वजन उतरलं, चालणं वाढलं की हाही उतरेल," डॉक्टर म्हणाल्या. "दोन महिन्यांनी परत बघू."

दोन महिने! मला दोन दिवस निघत नव्हते. त्याच संध्याकाळी मी घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन आलो. तूप बंद, शेवभाजी बंद, बटाटा बंद. माझा भाऊ यावलला केळी पिकवतो, त्यानं पाठवलेला अख्खा घड मी दारातूनच वाटून टाकला. ती बघत होती. म्हणाली, "एक तरी ठेवायचं." मी म्हटलं, "एकानंच सुरुवात होते."

आणि चालणं. पहाटे फटफटलं की मेहरूणच्या तलावावर. आधी एक चक्कर, पुढच्या आठवड्यात दोन, मग तीन. मी मोबाइल हातात धरून पुढे, ती मागे. मी वळून वळून सांगायचो, "पाय उचल, हात हलव, बोलू नकोस, दम राख." ती म्हणायची, "पोरगी होते तेव्हा दिवसभर शेतात निंदायला जायचे, तेव्हा कोणी चकरा नाही मोजल्या." येणारे-जाणारे हसायचे. मला त्याचं काय! मला डोळ्यांसमोर तो ओटा दिसायचा आणि ओट्याला टेकलेली अक्का.

थंडीत भावाच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडाच्या बडगीत ठेचलेलं भरीत, वर तेलाचा तवंग, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. सगळे हाणत होते. मी बायकोच्या ताटात अर्धी भाकर आणि बाजूला काढून ठेवलेलं बिनतेलाचं भरीत वाढलं. भाऊ चिडला, "अरे, वहिनी आहे का कैदी आहे? खाऊ दे तिला!" ती हसून म्हणाली, "असू द्या भाऊजी, त्यांना बरं वाटतं." मी भावावरच भडकलो. तू केळी बघ, रक्तातलं तुला काय कळतं, असलं काहीतरी बोललो. परत येताना गाडीत ती सारखी उजवा गुडघा चोळत होती. मला वाटलं, बसून आखडला असेल.

मग ती चालताना मागे पडू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "चप्पल लागते." मी पांढरे बूट आणले. साडीवर पांढरे बूट, आमच्या गल्लीत आठवडाभर तोच विषय! बूट घालूनही ती मागेच. मी म्हटलं, "कंटाळा करतेस." ती म्हणाली, "नाही हो, चालतेय ना." घरात बामाचा वास यायचा. तिला डोकेदुखीचा जुना त्रास, म्हणून मी विचार केला नाही.

दोन महिन्यांनी रक्त काढलं. हात पुन्हा कापत होता. साखर उतरली होती, चरबी उतरली होती, वजन तीन किलोनं कमी, कंबरेवर टेप सैल. आणि सीआरपी नऊ.

मी दुसऱ्या लॅबमध्ये नमुना दिला. तिथेही नऊच. मशीन खोटं नव्हतं. असं कसं? बाकी सगळं सुधारतं आणि हे एकटंच चढतं? आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "मावशी, कुठे दुखतं का? ताप, खोकला, लघवीला जळजळ, दात, एखादी जखम?"

"काही नाही," मी म्हणालो.

"जखम, फोड?"

"छे, काही नाही. मी रोज बघतो ना."

डॉक्टरांनी पेन थांबवून परत तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. मग तिनं मान हलवली, नाही म्हणून. हे सगळं मी पाहिलं होतं. आज ते जसंच्या तसं आठवतं. त्या दिवशी मी फक्त पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो, म्हणजे त्याचंही उत्तर देता येईल. डॉक्टर म्हणाल्या, महिन्यानं पुन्हा बघू. मी बाहेर पडता पडता ठरवून टाकलं, तीनच्या चार चकरा करायच्या.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. तिसऱ्यांदा रक्त काढलं. सीआरपी एकतीस.

आता मला बसवेना. मी लॅबच्या पायऱ्यांवर उभा राहूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज बदलला. "काका, एवढा आकडा निव्वळ पोटाच्या घेरानं येत नाही. हे तुम्हालाही माहीत आहे. कुठेतरी जंतुसंसर्ग आहे, नाहीतर आत काही दडलेलं आहे. उद्या घेऊन या. काही सापडलं नाही तर स्कॅन करू, गाठबीठ नाही ना, बघून घेऊ."

गाठ. हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर वाचला होता. स्कूटर सुरू करायला गेलो तर किल्ली भोकात जाईना. घरी आलो. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी रिपोर्ट खिशातच ठेवला. ती म्हणाली, "मशीन थांबलंय. कपडे तेवढे वाळत घालता का? मला जरा बसू द्या." बरं झालं, हाताला काम मिळालं. मी बादली घेऊन गच्चीवर गेलो.

शर्ट घातला, टॉवेल घातला, तिचा परकर झटकला आणि दोरीवर टाकला. ऊन आरपार येत होतं. परकरावर गुडघ्याच्या उंचीला काळेभोर ठिपके होते, गोल फेर धरल्यासारखे. मध्ये हळदीचा पिवळा डाग, आणि त्यालाच लागून एक वेगळा पिवळट डाग. तो डाग कशाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तेहतीस वर्षं पू बघितला मी काचेवर. काळे ठिपके मात्र मी नखानं खरवडले, चोळले. मशीननं धुऊनही कडा ताज्या. लहानपणी यावलचा परीट आमच्या सदऱ्याच्या आतून असाच काळा ठिपका देऊन खूण करायचा. सदरा फाटायचा, ठिपका जायचा नाही.

बिब्बा!

मी बादली तिथेच टाकून खाली आलो. "पाय दाखव."

"कोणता?"

"उजवा. परकर वर कर."

ती पदर सावरत राहिली. मी खाली बसलो आणि मीच वर केला. गुडघ्याभोवती बिब्ब्याच्या डागांचं रिंगण. काही वाळून काळे पडलेले, काही उतून फोड आलेले, आणि आतल्या बाजूला एक फुटलेला, खोल, कडा लाल. वरपर्यंत लाली चढली होती. हात लावला तर तव्यासारखं गरम. त्यावर हळद थापलेली. साखरेचं अंग, त्यात ही जखम, आणि त्या पायावर ती काल चार चकरा चालली होती. मी मोजल्या होत्या.

उशाशी अक्काचा पत्र्याचा डबा होता. आत चार-पाच बिब्बे, एक दाभण आणि काडेपेटी. पिंपळनेरच्या बाजारात डोंगरातल्या बाया बिब्बे घेऊन बसतात. अक्का आणि या दोघींची आई टाचेच्या भेगांना, रुतलेल्या काट्याला तेच करायच्या. दाभणात टोचायचा, ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी ठिपके द्यायचे. बहुतेकांना सोसतो. एखाद्याला उततो, फोड येतात, मग त्याच्यावर पुन्हा लावायचा नसतो. हिनं लावला होता. दुखणं थांबेना, म्हणून पुन्हा. पुन्हा फोड, पुन्हा बिब्बा.

"केव्हापासून?" माझा आवाज चढला होता.

"संक्रांतीच्या आधीपासून. तिसरी चक्कर सुरू झाली ना, तेव्हापासून गुडघा धरायला लागला."

"आणि मला सांगायचं नाही? मी कोण आहे? तेहतीस वर्षं मी हेच..." मी खरंच ओरडत होतो. शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

जळगावात येऊन इतकी वर्षं झाली, ती माझ्याशी शहरातलीच मराठी बोलते. अहिराणी फक्त माहेरच्यांशी, नाहीतर जीव दुखावला की. ती म्हणाली, "कसाले इतलं वरडतस तुम्ही? सुई लावताना तुमना हात कापस. मी देखस ना. मी चालस, मंग तुमले झोप लागस."

मी खाली फरशीवरच बसून राहिलो. हा माणूस घाबरलाय, याला झोप नाही, मी चालले की याला झोप लागते, म्हणून ही बाई फुटलेल्या गुडघ्यानं तलावाला चकरा मारत होती. मी चकरा वाढवल्या की गुडघा दुखायचा. दुखला की बिब्बा. बिब्बा उतला की रक्तात आकडा चढायचा. आकडा चढला की मी चकरा वाढवायचो. दुसऱ्या कुणाच्या घरात पाहिलं असतं तर त्या नवऱ्याला मी चार शिव्या हासडल्या असत्या.

त्याच दुपारी रिक्षानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि जे बोलल्या नाहीत ते सगळं मला ऐकू आलं. जखम साफ केली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. चार दिवस ठेवून घेतलं. "आणखी आठवडा गेला असता तर पाय वाचवणं अवघड होतं," एवढंच त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी कॉरिडॉरमध्ये चालत राहिलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक नर्स म्हणाली, "काका, बसा ना, चकरा काय मारताय?" मी मटकन बसलो. भावाचा फोन आला, त्यालाही रडतच सांगितलं. तो संध्याकाळी एकच केळ खिशात घालून आला आणि वहिनीच्या हातात ठेवलं. मी अडवलं नाही. तिनं अर्धं खाल्लं, अर्धं मला दिलं.

चौथ्या दिवशी आकडा चौदावर आला. पंधरा दिवसांनी पाच. स्कॅनची गरज उरली नाही. या वेळी रक्त मी काढलं नाही, लॅबमधल्या मुलीनं काढलं. मी बाहेर थांबलो.

पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. जखम भरली होती, नवी कातडी गुलाबी, भोवती बिब्ब्याचे काळे ठिपके तसेच. डॉक्टरांनी गुडघ्यावर अंगठा दाबला आणि विचारलं, "आता दुखतंय का, मावशी?"

माझं तोंड उघडलं. "नाही" जिभेवर आलेलं होतं. मी ओठ गच्च मिटले, खुर्चीचा हात धरून बसलो. डॉक्टर थांबल्या. वर पंखा फिरत होता.

मी मान वळवली. बायको माझ्याकडे बघत होती. दुखतंय की नाही, ते मी सांगेन म्हणून.